विकणे आहे

साडीच्या खोक्याचं झाकण मी मुद्दाम निवडलं. कालनिर्णयच्या पानामागे मजकूर असतो आणि वहीचा कागद उन्हाने वळतो. खोक्याचा पुठ्ठा कसा ताठ आणि आतून कोरा पांढरा. त्यावर जाड काळ्या मार्करने लिहिलं, ‘विकणे आहे’. खाली वॅगन आर, २०१०, पेट्रोल, एकच मालक. मग माझा फोन नंबर. ‘एकच मालक’ लिहून झाल्यावर जरा वेळ तशीच बसले. तो मालक आदल्या ऑगस्टमध्ये गेला होता.

पुठ्ठा गाडीच्या मागच्या काचेला आतून चिकटवला, दार लावलं, चार पावलं मागे येऊन पाहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. आणि एकाएकी मला रस्त्यावर दुकान थाटल्यासारखं झालं. कुणी बघतंय का म्हणून मी चक्क मागे वळून पाहिलं.

गाडी तसूभरही हलली नव्हती, ही यातली गंमत. अंधेरीच्या आंबोलीतल्या आमच्या गल्लीत, डाव्या अंगाला, पर्जन्यवृक्षाखाली ती चौदा वर्षं त्याच जागी उभी होती. आमची सोसायटी १९७८ सालची. तेव्हा बांधणाऱ्याच्या डोक्यात स्कूटरसुद्धा नसावी. आवारात दुचाक्या लागतात त्याही हँडल वाकडं करून. त्यामुळे गाडी घेतली ती रस्त्यावर ठेवायची हे गृहीत धरूनच. पावसाळ्याच्या पहिल्या सरीनंतर ती काढली की खाली कोरडा चौकोन दिसायचा, आमचा. चौदा वर्षांत त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पुठ्ठा लावला त्या मिनिटाला वाटलं. असं का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. तो कायद्याचा आहे असं आधी वाटलं होतं; कायद्यात त्याचं उत्तर सापडलं, पण समाधान झालं नाही.

‘विकणे आहे’ या वाक्याला कर्ता नाही. कोण विकतंय, याचा पत्ता नाही. ‘भाड्याने देणे आहे’, ‘रस्ता बंद आहे’, ‘काम चालू आहे’ ही सगळी मराठी पाट्यांची भाषा. रस्त्यावर मराठी माणूस लिहायला लागला की स्वतः वाक्यातून निघून जातो.

आता माझ्याबद्दल. मी एकतीस वर्षं अंधेरीतल्या एका वकिलांकडे मराठी टंकलेखक आणि अनुवादक होते. अर्ज, कैफियती, प्रतिज्ञापत्रं. त्यामुळे तक्रार कशी करावी हे मला चांगलं येतं आणि सहा वर्षं मी ती केली, गल्लीच्या समोरच्या बाजूला जुन्या गाड्या विकणाऱ्यांविरुद्ध. त्यांचा गाळा दहा बाय चौदाचा. त्यात एक टेबल, एक पंखा, गणपतीचा फोटो आणि किल्ल्यांचा फळा. गाड्या सगळ्या बाहेर. अकरा एरवी, शनिवार-रविवारी चौदा. चार रस्त्यावर ओळीने, बाकीच्या फूटपाथवर, नाकं रस्त्याकडे करून. पुढच्या काचेवर किंमत, खाली ‘सिंगल ओनर’, ‘टायर नवीन’, एकीवर तर ‘लेडीज ड्रिव्हन’, जणू ते इंजिनाचं वैशिष्ट्य. सकाळी दोन मुलं बादली आणि फडकं घेऊन सगळ्या पुसतात. गाड्या चालत नाहीत म्हणून बॅटऱ्या उतरतात. मग रविवारी एकीच्या बॅटरीवरून दुसरी चालू करण्याचा कार्यक्रम. तेवढा वेळ माणसांनी रस्त्याच्या मधून चालायचं, मागून रिक्षाचा हॉर्न ऐकत.

माझ्या तक्रारीत कलमं नीट असायची. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८, कलम ३१३ : रस्त्यावर अडथळा होईल अशी वस्तू ठेवायची नाही. कलम ३१४ : ठेवलीच तर आयुक्तांना ती नोटीस न देताही उचलता येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम १०२ : रस्त्यात वाहन उभं करून, किंवा विक्रीसाठी माल मांडून, रहदारीला अडथळा करायचा नाही. भारतीय दंड संहितेत कलम २८३ होतं, दंड दोनशे रुपयांपर्यंत. १८६० साली दोनशे रुपये ऐकून माणूस घाबरत असेल. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तिथे ते कलम २८५ झालं आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. शिवाय जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नवे नियमही आले, १ एप्रिल २०२३ पासून. प्राधिकारपत्र घ्या, गाडी ताब्यात आली की कळवा, आणि प्रत्येक गाडी कशासाठी बाहेर काढली, कुणी चालवली, किती किलोमीटर झाली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवा. ही नोंदवही मला फार आवडली. गाडी हलली की तिचा हिशोब. आमच्या गल्लीतल्या गाड्या मात्र हलतच नाहीत.

तक्रारींचं पुढे काय झालं ते सांगत नाही. तो या लेखाचा विषय नाही.

निवृत्त झाल्यावर मी पार्ल्याच्या एका संस्कृत वर्गाला जाऊ लागले. दर गुरुवारी दुपारी, आम्ही सात जणी आणि एक निवृत्त इंजिनिअर. बाई मीमांसा शिकवतात. मीमांसा म्हणजे यज्ञाच्या वाक्यांचा काथ्याकूट अशी माझी समजूत होती, आणि ती फारशी चूक नाही. पण त्या काथ्याकुटात सहाव्या अध्यायात विश्वजित यज्ञ येतो. या यज्ञात यजमानाने आपलं सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यायचं असतं. लगेच प्रश्न : सर्वस्व म्हणजे काय काय? आई-वडील ‘माझे’ असतात, ते देता येतात का? नाही, ते ‘माझे’ आहेत, माझ्या मालकीचे नाहीत. बरं, यज्ञ करणारा सगळ्या पृथ्वीचा राजा असेल, तर त्याला पृथ्वी देऊन टाकता येईल का?

सूत्रकार जैमिनी म्हणतो, नाही. जमीन सगळ्यांना सारखीच आहे. शबर त्यावर भाष्य करताना साध्या डोळ्यांनी दिसणारी गोष्ट सांगतो : माणसं शेतांची मालक असलेली दिसतात, सगळ्या पृथ्वीचा मालक कुणी दिसत नाही. राजाला पिकातला वाटा मिळतो तो राखणीबद्दल. राखणीने मालकी येत नाही.

मी वहीत लिहिलं, ‘राखणदार मालक नव्हे’, आणि समासात ‘कलम २८९’. बाईंनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, पालिकेचा कायदा. त्यात सार्वजनिक रस्ते पालिकेच्या ठायी ‘निहित’ होतात. हा शब्द मी नोकरीत हजारदा टंकला असेन आणि एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. निहित म्हणजे ठेवलेलं. ठेव. जिच्याकडे ठेवली तिने सांभाळायची. वर्ग सुटल्यावर इंजिनिअर म्हणाले, “म्हणजे रस्ता नेमका कुणाचा?” मी म्हटलं, “तेच तर.”

याच वर्गात पुढे दान आणि उत्सर्ग यांतला फरक आला. पां. वा. काणे यांनी गिरगावात बसून धर्मशास्त्राचा पाच खंडांचा जो इतिहास लिहिला, त्यात विहिरी-तळी बांधून लोकांना देण्याचा भाग आहे. बाईंनी त्यातलं वाचून समजावलं. दानात एक देणारा, एक घेणारा. दिलेल्या गाईचं दूध देणाऱ्याने पुन्हा काढायचं नाही. तळं बांधून सोडतात तेव्हा घेणारा कुणी एक नसतो. ते सर्व भूतांसाठी सोडलेलं असतं. म्हणून त्याचं नाव उत्सर्ग, सोडणं. आणि मग शास्त्रकार एक व्यावहारिक शंका काढतात : ज्याने तळं सोडलं त्याला तहान लागली तर? तर त्याने खुशाल प्यावं. मालक म्हणून त्याचा हक्क संपला, पण ‘सर्व’ या शब्दात तोही आहेच. सर्वांपैकी एक म्हणून त्याची ओंजळ त्याला परत मिळते.

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करते. फुकट मिळालेल्या रस्त्यावरचा माझा हक्क इतक्या नेमकेपणाने कुणी मला सांगितला नव्हता. ओंजळभर. जाण्या-येण्यापुरता. घागर भरून पायरीवर ठेवून द्यायचा नव्हे, आणि परत येईपर्यंत पायरी अडवून ठेवायचा तर नव्हेच.

अर्थात आपल्याकडे ‘सर्व’ हा शब्द फार बेभरवशाचा आहे. तळ्याची गोष्ट निघाली की महाड आठवल्याशिवाय राहत नाही. १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने दुसऱ्या वर्षी चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळं सर्वांचं झालं. प्रत्यक्षात ती ओंजळ घ्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर चालत जावं लागलं, आणि मग दहा वर्षं कोर्ट. तळं खासगी आहे, आमची जुनी वहिवाट आहे, हा विरोधकांचा दावा. उच्च न्यायालयाने तो १९३७ साली फेटाळला. तेव्हा ‘सर्व भूतांसाठी’ म्हणणाऱ्या शास्त्रापुढे मी हात जोडते ते एक डोळा उघडा ठेवून. पण तत्त्व म्हणून ते खरं आहे, आणि महाडला जे घडलं ते त्याच तत्त्वाची शास्त्र मानणाऱ्यांकडून केलेली वसुली होती, असं मला वाटतं.

वहिवाट. काय शब्द आहे! त्यात वाट आहे. माणसं वर्षानुवर्षं एका जागेवरून गेली की ती वहिवाटीची वाट होते. आणि एखादा वर्षानुवर्षं त्याच जागेवर बसून राहिला तरी तीही त्याची वहिवाटच. जाण्यानेही हक्क येतो आणि बसण्यानेही. माझ्या भावाने गावी पाणंदीसाठी तहसिलात दावा लावला होता, १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली. शेजाऱ्याने पाणंदीत पेंढ्याची उडवी रचली होती. शेजाऱ्याचं म्हणणं, बारा वर्षं रचतोय, माझी वहिवाट आहे. भावाचं म्हणणं, आजोबांपासून बैल नेतोय, माझी वहिवाट आहे. दोघेही एकच शब्द तोंडावर फेकत होते. पाहणीला साहेब आले तेव्हा उडवीवर कोंबडी अंडी घालून बसली होती, आणि पंचनाम्यात तिचाही उल्लेख आहे.

आता ती पहाट. अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला होता आणि पूर्व-पश्चिम करणारी रहदारी वाट मिळेल त्या गल्लीतून वाहत होती. रात्रीबेरात्रीसुद्धा आमच्या गल्लीत अनोळखी गाड्या शिरायच्या. ऑगस्ट २०२३. पहाटे साडेचारला ह्यांना घाम फुटला, छाती धरून बसले. रुग्णवाहिका लवकर आली, पण गल्लीच्या तोंडाशी थांबली. एक टेम्पो आत शिरून अडकला होता. एका बाजूला आमची गाडी आणि समोर विक्रीच्या गाड्यांची ओळ. मधून टेम्पोला मागे घेता येईना. चालक खाली उतरून म्हणाला, “स्ट्रेचरच आणतो.” साठ-सत्तर पावलं असतील. ह्यांना उचलायला कोण आलं? समोरच्या गाळ्यात झोपणारी ती दोन फडकेवाली मुलं, आणि त्यांचे शेठ, जे योगायोगाने त्या रात्री तिथेच होते. ज्यांच्याविरुद्ध मी सहा वर्षं कलमं टंकली, ते माझ्या नवऱ्याच्या डोक्याकडची बाजू धरून अनवाणी चालत होते.

हे चार दिवसांनी गेले. डॉक्टर म्हणाले, त्या सात-आठ मिनिटांनी फरक पडला नसता. मला ते खरं वाटतं. तेराव्यानंतर एका दुपारी मी शिवणाची टेप घेऊन खाली गेले आणि आमच्या गाडीच्या आरशापासून समोरच्या ओळीपर्यंत मोजलं. सात फूट, वर दोन इंच. आमची गाडी तिथे नसती तर बारा फूट. टेप गुंडाळली, वर आले. कुणाला सांगितलं नाही.

हे ध्यानात ठेवा म्हणजे पुठ्ठ्याचा प्रश्न नीट समजेल.

पहिलं उत्तर मला सुचलं ते संकल्पाचं. आपल्याकडे कृती तीच असली तरी संकल्पाने तिची जात बदलते. बादलीने डोक्यावर पाणी घेतलं तर ती आंघोळ. त्याच पाण्याला तिथी-वार-नक्षत्र सांगून घेतलं तर ते स्नान. जेवायचं राहून गेलं तर तो उपाशीपणा, ठरवून राहिलं तर उपास. तसं काल गाडी ‘उभी’ होती, आज पुठ्ठ्याने ती ‘मांडलेली’ झाली. पोलीस अधिनियमालाही हा फरक कळतो. वाहन उभं करणं वेगळं आणि विक्रीला मांडणं वेगळं असं त्यातही धरलेलं आहे. उत्तर सुबक होतं. चारेक दिवस मी त्यावर खूश होते.

ते मोडलं समोरच्या शेठनी. मूळचे आटपाडीकडचे, मला काकू म्हणतात. पुठ्ठा वाचून रस्ता ओलांडून आले.

“काकू, आता तुम्हीबी आमच्या लाइनीत.”

मी म्हटलं, “एकच आहे हो. आणि माझ्याकडे गाळा नाही.”

“एक काय अन् अकरा काय. रागावू नका, पण एक सांगू? माझी गाडी इथं महिना-दीड महिना उभी राहते. मग जाती. दुसरी येती. तुमची चौदा वर्षं हाय तिथंच. माझी निदान जायाला तरी उभी हाय.”

यावर मला उत्तर सुचलं नाही आणि अजूनही पुरतं सुचलेलं नाही. विकायला ठेवलेली गाडी ही जाण्यासाठी थांबलेली वस्तू आहे. मी ठेवलेली थांबण्यासाठी थांबलेली होती. आणि खरं सांगायचं तर नुसती गाडीच नव्हे. आमच्याकडे रंगाचा एक रिकामा डबा होता, त्यात सिमेंट ओतून मधे लोखंडी पाइप रोवलेला. हे गाडी घेऊन बाहेर पडले की मी खाली जाऊन तो डबा त्या जागेवर ठेवायचे, दुसऱ्या कुणी गाडी लावू नये म्हणून. मुंबईत हा डबा गल्लोगल्ली दिसतो. कुठे मोडकी खुर्ची असते, कुठे कुंडी, कुठे दोन विटा. म्हणजे गाडी नसतानाही ती जागा आमची. तळ्यावर नुसती घागर नव्हे, तहान नसताना ठेवलेली घागर. पुठ्ठ्यावर मी जे लिहिलं ते पहिल्यांदा लिहिलं इतकंच. डबा तेच चौदा वर्षं न लिहिता सांगत होता.

गणपतीचं काय, असं कुणी विचारील. विचारावंच. आमच्या जवळच आझादनगरात अंधेरीचा राजा बसतो, १९६६ पासून. रस्त्यावरचे मांडव, कमानी यांचा मला त्रास होतो आणि मी तिथे दर वर्षी रांगेत उभीही राहते. दोन्ही खरं आहे. पण एक फरक मला दिसतो. मांडवाच्या पहिल्या बांबूबरोबर विसर्जनाची तारीख ठरलेली असते. राजा तर अनंत चतुर्दशीला न जाता संकष्टीला जातो, चार-पाच दिवस उशिरा, पण जातो. रस्त्यावर बसवलेल्या देवालाही उठावं लागतं. विसर्जन आणि उत्सर्ग दोन्ही एकाच ‘सृज्’ धातूचे, सोडण्याचे. बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “व्युत्पत्ती बरोबर आहे, निष्कर्ष तुमचा.” असू दे माझा.

दंडाचा इतिहास शोधताना मला एक ओळखीचा ग्रंथ अनोळखी चेहऱ्याने भेटला. कौटिल्य माणसांची आणि लहान जनावरांची वाट अडवणाऱ्याला बारा पण दंड सांगतो, मोठ्या जनावरांच्या वाटेला चोवीस. त्याचं अंकगणित आपल्या टोइंगच्या दरपत्रकासारखं आहे, दुचाकीला एक दर, ट्रकला दुसरा. मनूच्या नवव्या अध्यायात मात्र एक वेगळी गोष्ट आहे. राजमार्गावर कारण नसताना घाण करणाऱ्याने दोन कार्षापण भरायचे आणि ती स्वतः साफ करायची. पण अडचणीत सापडलेला माणूस, म्हातारा, गरोदर बाई, मूल यांना दंड नाही. समज द्यायची आणि साफ करायला लावायचं. हे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडलाच जाळलं गेलं आणि का जाळलं गेलं ते मला माहीत आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त ‘कारण नसताना’ हा एक शब्द मी त्या राखेतून उचलला.

कारण त्या शब्दाने मला १९८५ चा निकाल नव्याने वाचता आला. ओल्गा टेलिस खटला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांचं खंडपीठ. फूटपाथवर राहणाऱ्यांना महापालिका उचलणार होती, त्याच कलम ३१४ खाली. न्यायालयाने पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, उचलण्याआधी म्हणणं मांडू द्या म्हटलं. पण फूटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे, खासगी वापरासाठी कुणाचाही त्यावर हक्क नाही, हेही म्हटलं. त्यातले काही अर्जदार पार्ल्याजवळच्या कामराजनगरचे. ज्या मजुरांनी पश्चिम द्रुतगती मार्ग बांधला त्यांचीच ती वस्ती, त्याच मार्गाच्या कडेला. या लोकांना कारण होतं. मनूच्या हिशोबानेसुद्धा होतं. माझ्या वॅगन आरला कोणतं कारण होतं? ती म्हातारी होती म्हणावं तर चौदा वर्षांची. गरोदर नव्हती.

मग मी गाडी हलवली का? नाही. कुठे नेणार? पैसे भरून ठेवायची जागा लांब, मला चालवता येत नाही, आणि शिवाय गिऱ्हाईक गाडी बघायला येणार ते इथेच. सगळं कळून पुठ्ठा एकोणीस दिवस काचेवर होता. ज्ञानाने वर्तन बदलतं हे वर्गात ठीक आहे.

मधल्या काळात आरटीओत फॉर्म ३१ भरून गाडी वारस म्हणून माझ्या नावावर केली. नाव लागलं त्या दिवशी ‘एकच मालक’ खोटं ठरलं. मी पुठ्ठ्यावर ‘एकच’ खोडून ‘दोन’ केलं. फोन बरेच आले. दोघे येऊन गेले. एकाने बॉनेट उघडून असा चेहरा केला, जणू आत कुणी गेलंय. दुसरा पंचाहत्तर हजारांवर अडून बसला. शेवटी शेठ पुन्हा रस्ता ओलांडून आले.

“काकू, नव्वद देतो. तुमचं नाव आहे म्हणून. दुसऱ्याला ऐंशी सांगितले असते.”

“आणि ठेवाल कुठे?”

ते हसले नाहीत. म्हणाले, “काकू, चुकतंय ते मला कळतं. भाड्याची जागा बघतोय, ओशिवऱ्याला. एवढ्या गाड्यांना परवडत नाही. तुम्ही म्हणाल तर ही मी आत लावतो.”

आत म्हणजे दहा बाय चौदात. टेबल, पंखा, गणपती आणि वॅगन आर. मी म्हटलं, राहू दे. फॉर्म २९ वर आणि ३० वर सह्या केल्या, दोन किल्ल्या दिल्या, डॅशबोर्डवरची ह्यांची छोटी हनुमानाची मूर्ती काढून घेतली. तिच्याखालचा डिंक तसाच राहिला, गोल, पिवळट. फडकेवाल्या एका मुलाने गाडी चालू केली, रस्त्याच्या मधे तिरकी घेतली आणि समोर नेऊन फूटपाथवर चढवली. मागचं चाक कडेवर आपटलं तेव्हा हे असते तर केवढे ओरडले असते. वीस पावलांचा प्रवास. त्यांच्या नोंदवहीत तो लिहिला गेला का, आणि ‘कारण’ या रकान्यात काय लिहिलं, हे विचारायचं राहिलं.

आमच्या जागेवर संध्याकाळपर्यंत कुणाची तरी पांढरी क्रेटा लागली होती. खिडकीतून पाहून माझ्या तोंडून निघालं, “ही कुणाची आमच्या जागेवर?” घरात ऐकायला कुणी नव्हतं, ते बरं. डबा अजून जिन्याखाली आहे. भंगारवाला सिमेंटसकट घेत नाही.

वॅगन आर समोर साडेतीन आठवडे होती. काचेवर एक लाख पंचवीस हजार, खाली ‘वेल मेंटेन्ड’. रोज सकाळी फडकं मारलं जायचं, एवढी स्वच्छ ती आमच्याकडे कधीच नव्हती. दूध आणायला जाताना फूटपाथवर मी तिच्यापाशी पोचायचे. मागच्या बंपरवर उजव्या कोपऱ्यात २०१६ च्या गौरी-गणपतीतला पोचा. त्याच्यावर हात ठेवायचे, पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचे, मागून रिक्षा येत नाही ना ते पाहायचे आणि रस्त्यावर उतरायचे.